तान्ह्या पोळ्यातलं लाकडी खच्चर

ही गोष्ट पुरी सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. अर्धी मात्र पुष्कळदा सांगितली, कारण त्या अर्ध्या गोष्टीत मी चांगला दिसतो.

नव्वदच्या दशकात मी वर्धा जिल्ह्यात रोहण्याजवळच्या एका खेड्यात इंग्रजीचा मास्तर होतो. गावात एक म्हातारे फौजी होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात खच्चरं हाकलेले. सगळे त्यांना बाबाजी म्हणत. पारावर बसले की ते एकच गोष्ट सांगायचे. जंगलात दुश्मनाला चाहूल लागू नये म्हणून फौजेच्या डॉक्टरांनी खच्चरांचा गळा चिरून आवाजच काढून टाकला होता.

"बाबाजी, उद्या म्हणान खच्चराले चष्मा बी लावला व्हता!" कोणीतरी म्हणायचं. हसण्यात मी पुढे असायचो. शिकलेला होतो ना.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लेकरं लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात. परीक्षक मीच. एका वर्षी त्या रांगेत लेकरांमागे बाबाजी उभे दिसले. हातात दोरी, दोरीला चाकांवरचं लाकडी खच्चर. लांब कान, पाठीवर दोन्हीकडे पेट्या. स्वतः कोरलेलं.

मी माईकवरूनच विचारलं, "बाबाजी, हे वरडते काय?"

"नाई गुरुजी. याचा आवाज काढला हाय."

"मंग तुमचा बी काढाले पाह्यजे व्हता!"

भोंग्यातून ते साऱ्या गावाला ऐकू गेलं. लोक पोट धरून हसले. वर मी म्हणालो, हा बैलांचा सण आहे, खच्चर रांगेत चालणार नाही. बाबाजींनी दोरी हाताला गुंडाळली, खच्चर काखेत धरलं आणि गेले. त्यानंतर पारावर त्यांनी ती गोष्ट काढली नाही.

दोन वर्षांनी वर्ध्याला रद्दीच्या दुकानात त्या युद्धावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागलं. पुठ्ठा निघालेला, कोणत्यातरी वाचनालयाचा शिक्का. बसमध्ये चाळत होतो. ब्रह्मदेशाच्या प्रकरणात खच्चरांचा फोटो होता आणि खाली सगळं लिहिलेलं होतं. शस्त्रक्रिया, मुकी जनावरं, पाठीवरच्या दारूगोळ्याच्या पेट्या. माझं गाव आलं तरी मी उतरलो नाही. पुढच्या थांब्यावरून चालत परत आलो.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला मी बाबाजींच्या घरी गेलो आणि त्यांना घेऊनच आलो. खच्चर रांगेत पहिलं उभं केलं. माईकवरून ते पान वाचलं, वाक्य वाक्य मराठीत करून. पारावरच्या त्याच लोकांतून कोणीतरी ओरडलं,

"म्हंजे म्हातारा खरं बोलून राह्यला व्हता बे!"

मग टाळ्या. लेकरं आपापले बैल सोडून खच्चराला हात लावायला धावली. बाबाजी सावधानमध्ये उभे, सत्तरीतही पाठ ताठ. आपल्या गावचा माणूस त्या युद्धात होता, हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं. आजही ते आठवलं की माझा ऊर भरून येतो.

बाबाजींनी पुस्तकात डोकावून एवढंच विचारलं, "माह्या खच्चराचं नाव हाय काय यात?"

"नाई बाबाजी."

"मोठं गुणी व्हतं," ते म्हणाले.

सरपंचांनी नारळ दिला तो मला. पुस्तक गुरुजींनी शोधलं म्हणून. मी तो घेतला. दोन वर्षांपूर्वी काय बोललो होतो ते कोणी काढलं नाही, मीही नाही. पुढे पुस्तक मी बाबाजींनाच दिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आल्यागेल्याला तो फोटो दाखवत. त्यांच्या ओट्यावर मी कितीदा तरी बसलो. दरवेळी ठरवून जायचो, आणि पीकपाण्याचं बोलून यायचो. दोन हजार सालानंतर ते गेले.

अपमान भोंग्यावरून केला होता. माफीही भोंग्यावरूनच मागायला हवी होती, नारळ हातात घेण्याआधी, साऱ्या गावादेखत. बाबाजी, तुमची गोष्ट खरी का खोटी हे मले माहीत नव्हतं, तरी मी हसलो. चूक माही होती. मले माफ करजा.