चिंचणीचा बर्फ

बायको गेल्यापासून पोरीच्या आजारपणाचं बोलायला माणूस उरलं नाही. पोरीला त्यातलं फारसं आठवत नाही, लहान होती. आम्हा दोघांना सगळं पाठ होतं. आता माझ्या एकट्याकडे आहे, म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा जमेल तसं.

ऐंशीनंतरची गोष्ट. राहायला पाम गावात, कामाला बोईसरच्या कापडाच्या कारखान्यात. पोरीच्या काळजाला जन्मापासून भोक. मुंबईला छाती उघडून ते बुजवलं. घरी आली, जेवायला लागली, अंग धरलं. आम्ही सुटलो असं वाटलं. आणि मग काळीज पळायला लागलं. खेळत नाही, धावत नाही, नुसती बसलेली पोर, आणि गळ्याची शीर थाडथाड उडतेय. मास्तर म्हणाले, असलं असेल तर शाळेत नको, वर्गात काही झालं तर मी काय करू? त्यांचंही बरोबर होतं. बायको मात्र तेव्हापासून त्यांच्याशी बोलेना.

पालघरच्या डॉक्टरने छातीला तारा लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढली. म्हणाला, भोक नीट बुजलंय, पण शिवलं तिथल्या व्रणामुळे ठोक्याची वाट चुकते. गोळ्या दिल्या. म्हणाला, पळायला लागलं की पिशवीत बर्फ घालून कपाळावर, डोळ्यांवर दाबा. थोडाच वेळ, नाक मोकळं ठेवून. ठोका उतरेल. उतरो न उतरो, लगेच इकडे आणा.

"बर्फ कुठला आनू?" बायकोने विचारलं.

"फ्रिजमधला," तो म्हणाला. आमच्याकडे पंखासुद्धा नव्हता.

गावात रोज बर्फ यायचा तो चिंचणीच्या कोळणीच्या मासळीच्या पाटीतून. आणि बायकोचं तिच्याशी भांडण त्या बर्फावरूनच. बर्फातलं शिळं म्हावरं आमच्या गळ्यात मारतेस, असं रोज दारात ऐकवायची.

"मावशी, आज बर्फ दे."

"आनि म्हावरं?"

"म्हावरं नको. नुसता बर्फ."

"काल नाक मुरडत होतीस! आज काय बर्फाचं कालवन करतेस?"

बायकोने पोरीचं सांगितलं. कोळणीने पाटी उतरवली आणि तळातला मोठा गड्डा काढला. "भुशात गाड, टिकेल. उद्यापासनं हिच्यासाटी येगळा आनते. आनि माजं म्हावरं ताजंच असतं, त्ये बी ऐक."

पुढे कारखान्याच्या एका सुट्टीच्या दिवशी पोर उंबऱ्यात चिंचोके खेळत होती. हात थांबला. "आई, पळतंय," म्हणाली.

भुशाच्या डब्यात मुठीएवढा बर्फ उरला होता. बायकोने पिशवी दाबली. पोर लाथा झाडायला लागली, "आई, वास येतो म्हावऱ्याचा!" मी पाय धरले. बायकोच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात पोरीचं मनगट, आणि तोंडाने शिव्या. मला की देवाला, कळलं नाही. मग तिने मनगटावरची नाडी बघितली. "उतरलं," म्हणाली. मी शीर बघितली. सावकाश, एकामागं एक. पोर घामाने भिजली होती.

तशीच उचलून एसटीने पालघर गाठलं. डॉक्टरने पुन्हा पट्टी काढली, बघितली, आता नीट आहे म्हणाला. मग हुंगून विचारलं, "मुलीला बंदरावर नेलं होतं काय?"

"तुमचा फ्रिज आमच्याकडं चिंचणीवरनं येतो," बायको म्हणाली. तो खूप हसला. गोळी वाढवून दिली.

बायको उठेना. "शाळेत घालू का?"

"घाला. मास्तरांना माझ्याकडे पाठवा, मी समजावतो."

मास्तर जाऊन आले. पोर शाळेत गेली. त्या दिवशी बायको दारात जी बसली ती हललीच नाही. चूल थंड. मी म्हटलं, "अगं आत ये, भूक लागली."

"भात हाय कालचा, तुमी खावा," ती म्हणाली. "माजं शाळा सुटल्यावर."