पाण्याचा गोल

आमच्या शेजारचा पाथरवट दगडावर अक्षरं कोरायचा. मेलेल्यांची नावं, दुकानांच्या पाट्या, क्वचित एखाद्या हौशी घरमालकाचं नाव. सकाळी छिन्नीला हात लावण्याआधी तो कोऱ्या दगडावर ओल्या बोटानं, एका दमात, एक गोल काढायचा आणि तो वाळेपर्यंत गप्प बसायचा. पूजाअर्चा म्हणाल तर एवढीच. मग दारातून बायको गोलाचा निकाल द्यायची, "आज पोट सुटलंय," नाहीतर "चालेल." तिचं 'चालेल' ऐकलं की दिवसभर हात झरझर चालायचा.

पुढं बायकोचं अर्धं अंग गेलं, जीभ जड झाली. त्यानं तिची खाट दारापाशी ओढली, दगड दिसेल अशी. रात्रभर तिला कूस बदलून द्यायची, पहाटे अंग पुसायचं, चादरी पिळायच्या; गोल काढायला बसेपर्यंत माणसाचं चिपाड झालेलं. गोल वाकडा यायला लागला.

लेक न्यायला आली. "बाबा, पुरे झालं. तिकडं आईकडं बघायला मी आहे. तुम्हीही झोपाल जरा."

"आणि दगड?"

"तिसऱ्या मजल्यावर दगड काय डोक्यावर घेऊन चढणार?"

तो इतका दमला होता की भांडलासुद्धा नाही. "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं हत्यारं गोणपाटात बांधली आणि गोल न काढताच बायकोला चहा पाजायला बसला. तिनं तोंड मिटलं. लेकीनं चमचा धरला, तरी तेच. नजर दगडावर.

"अगं, हात चालत नाही माझा," तो चिडला. "कशाला उगाच हसं करून घेऊ?"

ती ढिम्म. शेवटी तो उठला, पाण्याच्या वाटीत बोट बुडवलं, कसाबसा गोल ओढला. सुरुवात एकीकडं, शेवट भलतीकडं.

बायकोनं बराच वेळ पाहिलं. मग एकेक अक्षर ढकलत म्हणाली, "भो... प... ळा."

लेक फिसकन हसली. तो हसला नाही. दगड पुसून पुन्हा काढला. तोही तसाच. तिसरा काढून तो भिंतीला टेकून बसला.

"बाबा, गाडी आली."

"परत पाठव. झोप मिळेल गं तिकडं. पण उठून करू काय?"

लेक गाडीवाल्याची बोलणी खाऊन आली, तेव्हा आई तोंड उघडून चहाची वाट बघत होती.

"आठवडाभर रात्रीचं मी बघते," लेक पुटपुटली आणि बाह्या सरसावून चादरी पिळायला गेली. ते ऐकायला तो जागा नव्हता.