फौजदाराच्या तोंडातला कोंबडा

“भावजीनू, भायर येवा. तुमच्या कुत्र्यान देवचाराचो कोंबो मारल्यान.”

शेजारची शेवंतावयनी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहून अशी ओरडत होती की मालवणच्या बंदरातल्या होड्या मागे वळल्या असतील. बरं, नसतील वळल्या. वाढवून सांगायची माझी जुनी खोड आहे. पण यापुढचं वाढवलेलं नाही — आणि ते माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलंही नाही.

कुत्र्याचं नाव फौजदार. कुडाळ स्टेशनबाहेर लंगडत होता, तिथून मी त्याला माझ्या रिक्षात घालून आणला. नावच काय ते फौजदाराचं. मांजर दिसलं की हा माझ्या पायांत शिरायचा. फटाके वाजले की रिक्षाच्या मागच्या सीटखाली. वयनीच्या कोंबडीची पिल्लं त्याच्या पाठीवर चढून झोपायची आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून हा कान खाजवायचासुद्धा थांबायचा.

आता असल्या कुत्र्याची गोष्ट कट्टा गावच्या रिक्षा स्टँडवर कोण ऐकणार? म्हणून मी दुसरी सांगितली — फौजदाराने बिबट्याला माडावर चढवला, आणि बिबट्या तीन दिवस शहाळ्यांवर जगला. काय हसले सगळे. हसले, पण कुत्र्याबद्दलचं तेवढं खरं धरून बसले.

तर तो कोंबडा. देवचार म्हणजे आमच्या वाडीचा राखणदार, त्याला वर्षातून एकदा कोंबडा द्यायचा. वयनीचा घोव, म्हणजे नवरा, तेव्हा होडी घेऊन दर्यात होता. तो सुखरूप आला की द्यायचा म्हणून तिने हा कोंबडा नवसाचा ठेवला होता. सोडलेला कोंबडा, त्याला कुणी हुश्शसुद्धा करायचं नाही.

त्या दुपारी मी रिक्षा घेऊन पाणंदीत वळलो. एक हात हँडलवर, दुसऱ्यात मोबाइल — आणि मोबाइलवर काय चाललं होतं? तीच, बिबट्याची गोष्ट. पुढचं चाक कशावरून तरी गेलं. मऊ. मी मागे बघितलं — होय, बघितलं — आणि तसाच घरी येऊन रिक्षा लावली.

फौजदार गेला आणि तो मेलेला कोंबडा तोंडात घेऊन आला. माझं चप्पल आणायचा तसाच, दात न लावता. माझ्या पायाशी ठेवला, शेपटी हलवली. पुन्हा उचलून अंगणात नेला — तेवढ्यात वयनी.

वाडी जमली. स्टँडवरचा बाबल म्हणाला, “बिबट्याक माडार चढयणारो तो. कोंबो काय सोडतलो?”

वयनी आता ओरडत नव्हती. “माजो घोव दर्यात आसा,” म्हणाली. “तेका कायएक झाला तर?”

किती शब्द लागले असते मला? ‘माझ्या रिक्षाखाली आला.’ एवढेच ना? पण मग बाबल पुढचं विचारणार — म्हणजे कुत्रो गरीबच? आणि बिबट्या? सगळा स्टँड पुन्हा हसणार, पण या वेळी मला. मी काय बोललो ते सांगतो. मी म्हणालो, “सकाळपासून नजर होती त्याची. रक्तच गरम.”

कुणी विचारलंही नव्हतं. वरचं हे माझ्या पदरचं.

देवचाराचा कोंबडा मारलेलं कुत्रं वाडीत नको, होडी परत यायच्या आत बाहेर काढा, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोंडाघाटला ओळखीच्या दुकानदाराकडे नेला. पूर्ण वाट त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर. बांधताना मान पुढे केली त्याने. मी निघालो तरी भुंकला नाही — भुंकायचाच नाही तो कधी.

होडी सुखरूप आली. वयनीने नवा कोंबडा दिला. आठवड्याने दुकानदाराचा फोन आला. फौजदार दोरी तोडून गेला होता. ट्रकची वाट ती, आणि हा लंगडा.

जेवताना मी बायकोला सांगितलं — फौजदार घाट चढून कोल्हापूरला पोचला म्हणे, एका पैलवानाने ठेवून घेतलाय, रोज तांब्याभर दूध पितो. रंगवून सांगितलं, हात हलवून.

तिने माझ्या ताटात भात वाढला. वर न बघता म्हणाली, “फुडल्या चाकाक पिसां होती. मिया धुतलंय.”