माय एसटीत कधी बसली नाही

"हा रेस्टलेस लेग्स सिंड्रोम, पाय स्वस्थ न राहण्याचा आजार आहे," हिंगोलीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला फक्त सिंड्रोम ऐकू आलं. सातवा महिना होता. पोटावर हात ठेवून विचारलं, "बाळाला काही?"

आमच्या घराण्यातली मी पहिली बी.ए. सेनगावकडच्या कापसाच्या रानातून कॉलेजला गेले, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या खुर्चीत शिक्षण काही कामाला आलं नाही.

सुरुवात साधी होती. सांजेला दिवे लागले की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायचं. दुखणं नव्हे, मुंग्याही नव्हेत. पाय हलवला की जायचं, ठेवला की परत. मला वाटलं, लकवा येतोय. घरात बोलले नाही. बोललं की खरं होईल, ही भीती.

डोहाळजेवणात उघडं पडलं. झोपाळ्यावर बसवलं, बाया ओटी भरायला उभ्या, आणि मी सारखी उठत राहिले.

"काहून गं, झोपाळ्याला खिळे हायत का?" चुलतसासू म्हणाली. सगळ्या हसल्या. माझी माय हसली नाही. जवळ येऊन कानाशी बोलली, "तुला बी व्हय?"

"तुला कधीपासून?"

"तू पोटात होतीस तवापासून."

तेव्हा खरी घाबरले. म्हणजे हे जन्मभर जात नाही. आणि उद्या माझ्या लेकरालाही.

मायला घेऊनच दवाखान्यात गेले होते. मॅडम म्हणाल्या, "वाटतो तितका हा आजार दुर्मिळ नाही. लोक सांगत नाहीत. बायकांत जास्त दिसतो, गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत तर फारच. लोह कमी असलेले, किडनीचे, शुगरचे रुग्ण, घरात कोणाला असलेले, यांना धोका जास्त. ॲलर्जीच्या, उलटीच्या काही गोळ्यांनीही वाढतो. पण गोळ्या मनानं बंद करू नका."

किडनीचं नाव ऐकून मी लगेच तपासणीला उठले.

रक्त दिलं. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसले. माय भिंतीला टेकून उभी.

"बस की माय."

"तू बस. मी उभीच बरी."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. सेनगावच्या एसटीत जागा मिळाली तरी ती दुसऱ्याला द्यायची. मोठ्या मनाची बाई, लोक म्हणायचे. शाळेत आईवरच्या निबंधात मीही तेच लिहिलं होतं. त्या बाकावर बसून पहिल्यांदा कळलं, तिला बसवतच नव्हतं.

किडनी, शुगर ठीक निघाली. फेरिटीन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी. "हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ, फेरिटीन म्हणजे कणगीतलं धान्य," मॅडमनी समजावलं. "तुमचा डबा भरलेला आहे, कणगी रिकामी." लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चहासोबत न घेण्याची ताकीद दिली. "गरोदरपणातला त्रास बहुतेकींचा बाळंतपणानंतर जातो."

"मग मायचा काहून नाही गेला?"

"त्यांचं रक्त कधी तपासलं का?"

कोणीच तपासलं नव्हतं.

मला लेक झाली. हळूहळू माझे पाय शांत झाले. मायची कणगी तर माझ्याहून रिकामी निघाली. तिला औषधाला वेळ लागला, अजून पूर्ण गेलेलं नाही. घरात आजार असला तरी प्रत्येक लेकराला होतोच असं नाही, मॅडमनी सांगितलंय. तरी सांजेला लेकीनं पाय झाडले की मी तिच्या पोटऱ्या चाचपून बघते. आता निदान त्याचं नाव माहीत आहे, आणि कुठं जायचं तेही.

तुमच्या घरात कोणी सांजेचं बसत नसेल, तर तिला नुसतं कामसू म्हणून सोडू नका. एकदा विचारा. रक्त तपासून घ्या.

परवा बाळाला घेऊन आम्ही एसटीनं निघालो. मायच्या मांडीवर बाळ. वाटेत एक बाई चढली आणि आमच्या सीटजवळ उभी राहिली. माय सवयीनं अर्धी उठली. मग परत टेकली.

"दुसऱ्याला म्हणा, बाई," माय म्हणाली. "आज मी बसून हाय."