पुढे सात, मागे सहा

माझ्या मेहुण्याचा जीव पिनियनच्या एका दातापायी गेला, असं मी मनाशी म्हणतो. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. ती याबद्दल काहीच म्हणत नाही आणि तेच मला जास्त जड जातं.

गोष्ट एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची. कामठी रोडवर माझं पत्र्याचं शेड होतं. ट्रकच्या आसातलं काम, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या क्राऊन-पिनियनच्या दातेरी जोडाचं काम करणारा मिस्त्री म्हणून माझं नाव होतं आणि त्या नावाची मला मस्तीही होती. रस्त्यावरून गाडी गेली की नुसत्या आवाजावरून मी सांगायचो, हा क्राऊन अमक्यानं बसवलेला आहे, आणि चारचौघांत त्या अमक्याची टर उडवायचो. मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरायचं.

मेहुणा कोष्ट्यांच्या घरातला. बाप, आजा, सगळे मागावर बसलेले. ह्याचं मन मात्र मागात रमेना. कोराडीला वीजघराचं बांधकाम निघालं आणि कन्हान नदीची रेती तिकडे जाऊ लागली, तेव्हा त्यानं लष्करी लिलावातून एक जुनी गाडी उचलली. चारही चाकांना जोर देणारी. पुढच्या चाकांचा जोर लागेल तेव्हा लावायचा आणि नको तेव्हा काढायचा, त्यासाठी ड्रायव्हरच्या पायापाशी एक वेगळा लिव्हर होता. गाडी तो स्वतःच चालवायचा.

नदीच्या पात्रात पाणी असायचं, म्हणून मी चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पानं घालून गाडी वीतभर उचलली आणि मोठे टायर चढवले. गाडी अशी दिसू लागली की येणारेजाणारे ड्रायव्हर थांबून बघायचे. मी छाती काढून उभा राहायचो. पहिल्याच खेपेला तिनं नदीच्या चढावर दम टाकला.

"भाऊजी, गाडी चढूनच नाई राहिली," मेहुणा येऊन म्हणाला. "पहिले त चढत होती. आता काहून असं?"

"चाक वाढवलं न आपण. एका फेऱ्यात जास्त रस्ता खाते ते. इंजिन तेच हाये गा, त्याले जोर कुठून येईन?"

हे मला आधीच सुचायला हवं होतं. चाक मोठं केलं की आसातलं गणितही बदलावं लागतं. त्या गाडीत मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राऊनला, एकेचाळीस दात होते आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला सात. पिनियन सहा दातांचं घातलं की इंजिनाला चाकाच्या एकेका फेऱ्यासाठी जास्त फिरावं लागतं, गाडी थोडी हळू पळते, पण ओढायला पहिल्यासारखी होते. मी टायरला दोरी गुंडाळून जुन्या-नव्या चाकाचं माप घेतलं. सहा-एकेचाळीस अगदी चपखल बसत होतं.

अडचण एवढीच की आस दोन. पुढे आणि मागे, दोन्हीकडे सहाच हवेत. भंगाराच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्यावर मला मागचा एक जोड मिळाला. पुढचा कुठेच मिळेना. दसरा तोंडावर आलेला. पाऊस सरला की रेतीचे दिवस सुरू होणार आणि मेहुण्याला दसऱ्याची पूजा झाली की गाडी नदीत घालायची होती.

मी मागचा जोड बसवायला घेतला तेव्हा तो शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"अन् पुढचा?"

"भेटन तवा बसवीन. तोवर पुढच्या चाकाले जोर लावायचाच नाई."

त्यानं पिनियनचे दात बोटानं मोजले. "भाऊजी, पुढे सात अन् मागे सहा, म्हणजे एक ओढून राहिला अन् दुसरा मागे राहून राहिला. ताण्यात असं झालं त सूत तुटते."

त्यानं अगदी बरोबर सांगितलं होतं. पुढची चाकं सात पावलं पुढे जाऊ बघणार, तेवढ्याच वेळात मागची सहाच टाकणार. रेतीत टायर घसरतात आणि तो ताण निघून जातो. कडक जमिनीवर टायर घसरत नाहीत, मग सगळा पीळ आतल्या लोखंडात साठत राहतो. मागावरून उठून आलेल्या पोराला हे कळलं याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला.

"तू मले मागाचं शिकवून राहिला का?" मी म्हणालो. मग मी बांधकामाची तार घेतली, पुढच्या चाकांचा लिव्हर बाहेरच्या बाजूला, म्हणजे जोर सुटलेल्या जागी ओढला आणि तीन पीळ देऊन बांधून टाकला. "हे तार कोणी सोडायची नाई. पुढचा जोड बसला की मीच सोडीन. तार सुटली म्हणजे काम झालं समज."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला. माझ्या शब्दावर त्याचा भारी विश्वास होता.

खंडेनवमीला माझी सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. त्या दिवशी पाना हातात घ्यायचा नाही, म्हणून मी ओट्यावर पत्ते कुटत बसलो. बायको भावाच्या गाडीची साफसफाई करत होती. तिला बादली आणि फडकं घेऊन चढताना मी पाहिलं. पुढचं पाहिलं नाही, कारण माझ्या हातात पानं चांगली आली होती.

तिच्या माहेरची एक रीत होती. पूजेच्या आधी मागावरची जुनी गाठ सोडायची, लोंबतं सूत काढायचं, फणी मोकळी करायची. गाठ राहिलेल्या हत्याराला हळदकुंकू लावायचं नाही. लग्नाला सात वर्षं झाली होती तरी ही रीत मला ठाऊक नव्हती. मी कधी विचारलंच नव्हतं.

दसऱ्याला गाडी नवरीसारखी सजली होती. लिव्हरला झेंडूची गच्च माळ होती. माळेखाली तार आहे असं मी धरून चाललो. हात घालून बघायला किती वेळ लागला असता? मी नारळ फोडला आणि पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन निघाला तेव्हा मी दुसऱ्या एका ट्रकखाली आडवा पडलो होतो. त्यानं खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "भाऊजी, लई उपकार झाले." मला वाटलं, मागच्या जोडाबद्दल म्हणतोय. मी खालूनच पाना हलवला.

दुपारी कन्हानहून रेती भरणारा एक मजूर सायकल हाणत आला. शेडपाशी उतरला. मी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "मिस्त्री, गाडी मागे आली."

नदीतून वर यायच्या वाटेवर ठेकेदारानं दगड-मुरूम घालून रोलर फिरवला होता. कडक, डांबरासारखी वाट. मेहुणा पुढच्या चाकांचा जोर लावून भरल्या गाडीनं रेतीतून झोकात निघाला आणि त्याच जोरात चढाला लागला. अर्ध्या चढावर गाडीतून कण् कण् आवाज येऊ लागला. तो लिव्हर ओढत होता आणि लिव्हर निघत नव्हता. पीळ बसला की तो निघत नाही. मग आत काहीतरी फुटलं, इंजिनाचा आणि चाकांचा संबंध सुटला. ब्रेक पाण्यानं भिजलेले, चाकं मोठी. गाडी सरळ मागे आली आणि काठावरून आडवी नदीत पडली. तो केबिनमध्येच होता.

"सकाळी खुशीत होता जी," मजूर सांगत होता. "म्हणे, भाऊजीनं सणाच्या दिवशीही हात चालवला, पुढचाही बसवून टाकला. तार सुटलेली हाये म्हणे."

मी नदीवर गेलो. त्याला बाहेर काढलं होतं. त्याच्याकडे बघायच्या आधी मी केबिनमध्ये बघितलं, याची मला आजही लाज वाटते. लिव्हर आतल्या बाजूला, जोर लागलेल्या जागी होता. माळ ओली होऊन त्याला चिकटली होती. तार नव्हती.

तेरवी झाली. पाहुणे गेल्यावर बायको मागच्या दारात भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "अवो, गाडीत एक तार बांधली होती. ते कायची होती?"

मला सगळं कळलं. सांगितलं असतं तर माझ्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं असतं आणि तिच्यावर ते सगळंच्या सगळं पडलं असतं.

"कायचीच नाई वं," मी म्हणालो. "अशीच गुंडाळून ठेवली होती."

ती पुन्हा घासायला लागली. त्या प्रश्नाचा तिनं नंतर कधी उच्चार केला नाही. मी आसाचं काम सोडलं आणि पंक्चर काढत दिवस काढले. आपण तिला वाचवलं असं मला इतकी वर्षं वाटत आलं.

आता आम्ही मनीषनगरात मुलाकडे राहतो. मागच्या दसऱ्याला झाडलोट चालली होती. फाटकाच्या कडीला कधीची एक गंजकी तार गुंडाळलेली होती. मी खुर्चीत बसून म्हणालो, "ते सोडून टाक वं, हात कापन कोणाचा."

ती फडकं हातात घेऊन फाटकापाशी उभी राहिली. तारेकडे बघत राहिली, पण तिला हात लावला नाही.

"तुम्हीच सोडा," ती म्हणाली.