माळ्यावरच्या शेठचा माफीचा फोन

आपण विकलेल्या मालाबद्दल वर्षातून एकदा गिऱ्हाइकाला स्वतःहून फोन करून माफी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आवरून शेठ माळ्यावर येत, पंखा लावत, निळ्या पुठ्ठ्याची वही उघडत आणि पहिला नंबर लावत. "मॅडम, जुन्नरवरनं बोलतोय. वर्षभरात आमच्या अ‍ॅडइनमुळं जाणता-अजाणता काही त्रास झाला असंल तर मिच्छामि दुक्कडम्." पलीकडे एखादी नवी क्लार्क असली तर तिला वाटायचं, हा कुणीतरी फसवणारा फोन आहे. ती घाईघाईनं ठेवून द्यायची. शेठ पुन्हा लावायचे.

जैन लोक त्या दिवसांत एकमेकांची क्षमा मागतात, हे जुन्नरच्या पेठेत वावरलेल्या कुणाला सांगायला नको. पण शेठनी त्या रीतीचा धंद्यात असा काही वापर केला होता की हसावं की हात जोडावेत, मला कधी ठरवता आलं नाही. माफी मागून झाली की ते गप्प बसत. नुसते गप्प. समोरचा माणूस अवघडून जाई आणि मग हळूच म्हणे, "तसा त्रास नाय काय शेठ, पन तुकडी बदलली का हजेरी क्रमांक गडबडतो बगा." शेठ लगेच पेन उचलत. वर्षभर विचारून जे कुणी सांगत नसे, ते त्या एका दिवसात वहीत येई. नावापुढं तक्रार. मग महिनाभर आम्ही दोघं त्या वहीवरून दुरुस्त्या करत बसायचो.

त्यांना शेठ म्हणायचं ते घराण्यामुळे. गादीवर बसायचे ते थोरले बंधू, खाली भांड्यांच्या दुकानात. हे बिनलग्नाचे धाकटे, दुकानाच्या लाकडी माळ्यावर दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेऊन बसलेले. खालून कुणीतरी पातेलं वाजवून बघायचं आणि वर शेठ एक्सेलमध्ये शाळांसाठी बटणं बनवायचे. अ‍ॅडइन म्हणजे तेच हो. एक्सेलच्या वरच्या पट्टीत आपली चार बटणं जादा बसवायची. एक दाबलं की निकालपत्रक तयार, दुसरं दाबलं की शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारीख अक्षरी लिहिलेली. हातानं दाखले लिहून बोटं वाकडी झालेल्या क्लार्क बायका त्या दुसऱ्या बटणासाठी शेठना मनापासून दुवा द्यायच्या.

मी महाळुंगे पडवळची. पुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन गावी आले होते आणि नोकरी शोधायचा कंटाळा आला होता. शेठची जाहिरात दुकानाच्या शटरवर चिकटवलेली होती: 'प्रोग्रामिंगसाठी भागीदार पाहिजे.' नोकर नव्हे, भागीदार! घरी सांगितल्यावर आमचे दादा, म्हणजे वडील, म्हणाले, "येवढं शिकून भांड्याच्या दुकानात बसनार व्हय?" मी म्हटलं, "दुकानात नाही, दुकानाच्या डोक्यावर." दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला जुन्नरच्या एसटीसाठी मंचरपर्यंत मोटारसायकलवर सोडलं.

पहिल्याच दिवशी मी शेठना विचारलं, तुम्ही अजून त्या एक्सेलच्या पोटातल्या जुन्या व्हीबीए भाषेतच का लिहिता? मला तेव्हा प्रोग्रामिंगच्या चार भाषा येत होत्या आणि चारही दाखवायची घाई होती. शेठ म्हणाले, "बेटा, आधी चूल बघायची, मग भांडं द्यायचं." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या एका पिवळट पडलेल्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. त्याचं नाव म्हातारी. एका शाळेनं भंगारात काढलेला तो त्यांनी मुद्दाम आणून ठेवला होता. कुठलंही नवं साधन निवडायचं तर आधी म्हातारीवर चालवून बघायचं. ती सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची की शेठ तेवढ्यात खाली जाऊन भाभीजींकडून, म्हणजे थोरल्या वहिनींकडून, ताक घेऊन यायचे. माझ्या चार भाषांपैकी दोन म्हातारीनं तिथल्या तिथं नाकारल्या. तिसरी बसवायला आधी आणखी तीन गोष्टी बसवाव्या लागत होत्या. शेठ म्हणाले, "आता हे तिन्ही बसवायला खोडदच्या मॅडमकडं कोण जाणार? तिथल्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीला आभाळातलं ऐकू येतं, आन् मॅडमचं त्यांचा प्रिंटरसुद्धा ऐकत न्हाई." मी फणकारले, पण हसूही आलं.

साधन निवडताना त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असे. वेग विचारून झाला, किती दिवस लागतील ते विचारून झालं, की चष्मा काढून म्हणायचे, "आन् मी नसल्यावर?" म्हणजे असं, की उद्या आपण दोघंही नसलो तर त्या शाळेतल्या बाईला ही फाइल उघडून दुरुस्त करता येईल का? म्हणून ते कोडमध्ये दर चार ओळींनी मराठीत टीप लिहीत. मराठी तिथं नीट उमटत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. 'इथून खाली दाखल्याचा मजकूर. नियम बदलला तर फक्त ही ओळ बदलावी. घाबरू नये.' हे 'घाबरू नये' वाचून मला सुरुवातीला फार हसू यायचं. प्रोग्राम लिहिताय की अंगारा देताय, असं मी त्यांना तोंडावर म्हटलंय.

पण त्या मोकळेपणाचा त्रासही होताच. आमचं अ‍ॅडइन कुणीही पेन ड्राइव्हवर घालून नेई. एकदा शेजारच्या तालुक्यातल्या एका क्लासवाल्यानं आमचंच अ‍ॅडइन, वर स्वतःचं नाव टाकून, चक्क आमच्याच एका गिऱ्हाइकाला विकलं. आत शेठच्या टिपा जशाच्या तशा. 'घाबरू नये'सकट! मी संतापानं लाल. शेठ फाइल उघडून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बटणाचा रंग मातर यानं लई चांगला निवडलाय."

तेव्हा मी हट्टाला पेटले. म्हटलं, आता नवं साधन. सगळा कोड बंद डब्यात, आणि अ‍ॅडइन सुरू होताना दर वेळी इंटरनेटवरून आमच्याकडे विचारणार की हे गिऱ्हाईक खरं का. खरं असेल तरच बटणं चालणार. शेठ म्हणाले, "आन् नेट गेलं तर?" मी म्हटलं, "शेठ, आता कुठं नेट जातंय?" "आन् मी नसल्यावर?" मी म्हटलं, "तुम्ही नसल्यावर मी आहे ना!" महिनाभर आम्ही त्यावरून भांडलो. त्यांचा आवाज चढलेला मी त्या एकाच महिन्यात ऐकला. शेवटी एके दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं. पुढची वर्षं तुझी हायेत. तू म्हणतीस तसं." कुलूप बसलं. मी जिंकल्याच्या आनंदात पेढे आणले.

दहावीचा निकाल लागून दाखले द्यायचे दिवस होते. सकाळी अकराला फोन आला. डिंगोऱ्याच्या पुढे डोंगराकडेला एक शाळा आहे, तिथल्या डुंबरे मॅडमचा. "अवो ताई, तुमचं बटान काय बोलंना. इंटरनेट नाय म्हनतंय. नेट कालपासून नाय इथं, रस्ता खांदताना वायर तुटली. आन् मोबाइलवर निसतं बोलनं व्हतंय. पोरं रांगंत उभी हायेत, एकीचा तर आजच शेवटचा दिवस हाये आयटीआयच्या अर्जाचा. तिची आई रडतीये माझ्याफुडं." मी म्हटलं, मॅडम, मी बघते. बघणार काय, कपाळ? कुलूप मीच असं केलं होतं की माळ्यावर बसून ते मलाही उघडता येत नव्हतं.

 शेठनी ड्रॉवरमधून जुन्या अ‍ॅडइनचा पेन ड्राइव्ह काढला, खिशात टाकला आणि म्हणाले, "गाडी काढ." माझ्या स्कूटीवर मागे बसून गणेशखिंडीतून निघालो.  शाळेत पोहोचल्यावर त्यांनी मला बाजूला बसवलं आणि डुंबरे मॅडमना खुर्चीवर. "तुमीच करा. मी सांगतो." जुनं अ‍ॅडइन बसलं, पण त्या वर्षी दाखल्याच्या नमुन्यात एक रकाना वाढला होता. शेठनी त्यांना कोड उघडायला लावला. मॅडमनी माउसवरचा हात काढून घेतला. शेठ म्हणाले, "वाचा की, काय लिहिलंय?" मॅडमनी वाचलं, "घाबरू नये." त्या हसल्या आणि त्यांनी ती ओळ स्वतः बदलली. पहिला दाखला त्या आयटीआयच्या मुलीचा निघाला. तिच्या आईनं तो पदराखाली धरून धावतच रस्ता गाठला. बाकीचे पन्नासेक दाखले काढून, शिक्के मारून संपेपर्यंत साडेसहा होऊन गेले.

परतताना शेठ म्हणाले, "जरा जोरात घे बेटा, दिवस मावळायला आला." मी जोरात घेतली, पण खिंडीत एक ट्रक आडवा बंद पडला होता. जुन्नरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेठ "बरंय, ये उद्या" म्हणून जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी भाभीजींनी मला खाली गाठलं. "काल काय केलंस गं त्याचं? सूर्य मावळल्यावर तो पाणी पन घेत न्हाई, तुला म्हाइतीये ना? सकाळच्या दोन खाकऱ्यांवर झोपला." मला माहीत होतं. पाच वर्षं माहीत होतं. शाळेत चहा आला, भजी आली, बाहेरचं म्हणून शेठ नको म्हणाले, तेव्हाही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी वर जाऊन गुपचूप कुलूप काढून टाकलं. सगळ्या शाळांना मोकळं अ‍ॅडइन पाठवलं. शेठना मात्र एवढंच म्हटलं, "त्या वायर तोडणाऱ्यांना काही अक्कल नाही." ते म्हणाले, "हं."

त्या वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी शेवटचा फोन माझा वाजला. शेठ समोरच्याच टेबलावर बसून मला फोन लावत होते. माझ्याकडे न बघता, वहीकडे बघत म्हणाले, "सुजाता बेटा, त्या कुलपावरनं तुझ्याशी लई भांडलो. आवाज चढवला. मिच्छामि दुक्कडम्." आणि गप्प बसले. गिऱ्हाइकांच्या फोनवर बसायचे तसेच. मला सगळं समजत होतं. शब्द ओठांवर होते. पण मेला स्वभाव! मी हसून म्हटलं, "अहो शेठ, काहीतरीच काय," आणि फोन ठेवला. ते वहीत काहीतरी लिहीत राहिले.

पुढे मी पुण्याला मोठ्या नोकरीवर गेले. शेठनीच जायला लावलं. दर भाद्रपदात त्यांचा फोन यायचा, तोच मजकूर, नंतरची तीच शांतता, आणि माझं तेच काहीतरीच काय. मी कधी मीटिंगमध्ये असायचे, कधी गाडीत. मागल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. मी भेटायला गेले तेव्हा भाभीजींनी निळी वही माझ्या हातात ठेवली. "तुझ्यासाठी बाजूला काढून ठिवली व्हती त्यानं." मी ती बॅगेत टाकली आणि आठ महिने उघडली नाही. हिंमतच झाली नाही.

यंदा संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि वही घेऊन बसले. पहिला नंबर लावला. "जुन्नरच्या शेठच्या वतीनं बोलतेय." काही जणींना ते गेल्याचं ठाऊक नव्हतं, त्या फोनवरच रडल्या. डुंबरे मॅडम म्हणाल्या, "त्रास कसला ताई? औंदा नमुना पुन्ना बदलला, तर मीच केला. आमच्या केंद्रातल्या बारा शाळांना करून दिला. शेठच्या ओळीखाली माझं बी नाव लिवलंय, चालंल ना?" मी म्हटलं, "चालंल काय, पळंल." आणि पुढचा नंबर लावला.

यादी संपत आली. शेवटच्या पानावर, शेवटचं नाव माझं. पुढं त्यांच्या बारीक अक्षरात वर्षावर वर्षं उतरलेली. 'सुजाता. हसली. काही बोलली नाही.' खाली, 'काही बोलली नाही. परत विचारणे.' त्याखाली पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. अक्षर वाकडं होत गेलेलं. सगळ्यात खालची ओळ तर ओळीवर राहिलीच नव्हती. 'परत विचारणे.'

मी शेठच्या नंबरवर फोन लावला. भाभीजींनी उचलला. मी म्हटलं, "भाभीजी, त्या दिवशी शेठ माझ्यामुळं उपाशी राहिले. कुलूप माझंच चुकलं होतं. त्यांनी इतक्यांदा विचारलं, मी एकदाही बोलले नाही. मिच्छामि दुक्कडम्."  पलीकडे, खाली दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत होतं, ते ऐकू येत होतं. मग त्या म्हणाल्या, "दर साली फोन ठिवला का मला इचारायचा, ही रागावली तर न्हाई ना माझ्यावर? वही हाये ना म्होरं? मग लिही त्यात."

मी पेन घेतलं आणि त्या शेवटच्या 'परत विचारणे'पुढं त्यांच्याचसारखं बारीक अक्षर काढत लिहिलं, 'बोलली.'