आडव्या पालखीचा खांदा

एका वर्षी आमच्या बाजारपेठेतल्या सगळ्या घरांचे ओटे हातभर तोडले. रस्ता रुंद करायचा होता, पण गाड्यांसाठी नव्हे. गाड्या होत्या त्या बैलांच्या, आणि बैलांची काही तक्रार नव्हती. रुंदी हवी होती पालखीला. निजामाचं राज्य जाऊन थोडे दिवस झाले होते, जो तो आपला मान नव्यानं ठरवून घेत होता. आमच्या मठानं ठरवलं, की आता जत्रेत स्वामींची पालखी आडवी निघेल.

साधी पालखी रस्त्याच्या लांबीनं जाते. आडव्या पालखीचा दांडा रस्ता अडवून चालतो. समोरून कुणाला येता येत नाही, हाच त्या मानाचा अर्थ. ज्यांच्या धर्मात देव लिंगरूपानं गळ्यात बांधलेला, देवळाचीसुद्धा गरज नाही, त्यांना हे कुठून सुचलं ते मला पुस्तकांत सापडलं नाही. मी तेव्हा तालुक्याच्या शाळेत मास्तर होतो. शिकलो होतो उर्दूत, शिकवत होतो मराठीत आणि घरी भांडत होतो कानडीत; त्यामुळं माझं मत कुणी विचारत नव्हतं.

दांडा आडवा आणि माणसं चालणार पुढं, म्हणजे तो खांद्यावर नीट बसत नाही. मान दुसऱ्या अंगाला कलती धरावी लागते. सगळं ओझं खांद्याच्या मांसावर न येता मानेच्या बुडाशी, हासळीच्या हाडामागच्या खळगीत उतरतं. वर आमच्याकडची रीत अशी, की मठातून उचललेली पालखी देवळात टेकेपर्यंत खांदा बदलायचा नाही. बदलला तर सेवेत खंड पडतो.

उजव्या दांड्याचा मान आमच्या घराचा. तो चालवायचा माझा थोरला भाऊ, अण्णा. त्याचं शिवणकामाचं दुकान घराच्या ओट्यावरच होतं, म्हणजे ओट्याचं जे उरलं होतं त्यावर. जुनी पालखी हलक्या लाकडाची होती आणि जुने स्वामी उपासानं वाळलेले. नवी पालखी सागवानी, चांदीच्या पत्र्यानं मढवलेली, आणि नव्या स्वामींचे उपास अंगाला लागणारे.

पहिल्या वर्षी जत्रेहून आल्यावर अण्णा हात झटकत बसला. "मुंग्या आल्यात नुसत्या," म्हणाला.

"परतेक्ष स्वामी बसले व्हते खांद्यावर," आई म्हणाली. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. "इतकं तरी ऱ्हाणारच की."

मुंग्या हळूहळू गेल्या. अंगठा आणि शेजारचं बोट मात्र बधिर राहिलं. अंगठ्यावर चिंधी गुंडाळल्यागत वाटतंय, असं तो म्हणायचा आणि शिवत राहायचा. मधूनमधून पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका पडायचा. सुई बोटात गेली हे त्याला तो ठिपका पाहून कळायचं.

दुसऱ्या जत्रेनंतर इस्त्रीचा प्रकार झाला. कोळशाच्या इस्त्रीचा ताव बघायला तो बोट ओलं करून तिच्या तळाला लावायचा. चर्र आवाज झाला की हात आपोआप मागं यायचा. शिंप्याच्या हाताची ती सवय असते, तिला डोकं लागत नाही. त्या दिवशी चर्र झालं आणि बोट तिथंच राहिलं. तो माझ्याशी बोलत होता. वैनी आतून ओरडली, "काय करपायलंय तिथं?" तेव्हा त्यानं खाली पाहिलं.

मी त्याला गुलबर्ग्याला नेलं. डॉक्टर म्हातारे, सरकारी नोकरी संपवून घरीच बघणारे. त्यांनी रबराची हातोडी काढली. गुडघ्याखाली ठोकली, पाय उडाला. अण्णा हसला. डाव्या कोपराच्या वळणात ठोकली, हात उडाला. उजव्याला ठोकली. पुन्हा ठोकली. हात तपासणी अधिकाऱ्यापुढं उभ्या केलेल्या पोरासारखा गप्प.

"ये जो उडता ना," डॉक्टर म्हणाले, "इसमें मालिक से पूछने का काम नै. ठोका पाठ के कणे तक जाता, व्हंईच से हुकूम लेको आता."

अर्ज न करता काम होणारं एक तरी खातं शरीरात आहे, याचं मला बरं वाटलं. पण तेच खातं बंद पडलं होतं.

"नस दबी सो है. मरी नै अब्बी," ते अण्णाला म्हणाले. "वजन नक्को. बिल्कुल नक्को. दो बरस आराम दिए तो आती शायद. अब के दबाए तो गई समझो."

मोटारीत अण्णा सारखा उजवा अंगठा दाबून पाहत होता. पुढच्या जत्रेला खांदा द्यायचा नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. जत्रा लांब होती तोवर ते कबूल राहिलं.

मग मठाचे कारभारी आले. फार गोड बोलले. "जमत नसलं तर सांगा की. वरल्या घरला कळवतो." वरलं घर म्हणजे आमच्या चुलत्यांचं. मान एकदा गेला की परत येत नाही, हे सांगायची गरज नव्हती.

"जाऊ द्या की वरल्या घरला," वैनी म्हणाली. ती खजुरी गावची, कुणाला भिणारी नव्हती. "त्यांचे बी खांदे बघू किती दिस टिकत्यात."

"तू गप बस गं," अव्वा म्हणाली.

"मी गप बसते. उद्या चोळ्या कोण शिवणार, स्वामी?"

मी म्हणालो, "अण्णा, निदान खांदा तरी बदल."

"उजव्या दांड्याला डावा खांदा कोण लावतंय? आन कामून भांडायलास? औंदा खांदा दुखतच न्हाई. ही घे टाचणी, टोचून बघ."

"दुखत नाही म्हणूनच सांगतोय."

"ज्याला दुखतंय त्यानं उचलू न्हाई. मला न्हाई दुखत."

त्याच्यासारखंच सगळ्या गावाला वाटत होतं. वर्षानुवर्षं ओझं वाहून ज्याचा खांदा दुखायचा थांबतो, त्याची सेवा पोचली, असं आमच्याकडं मानतात. कारभाऱ्यांनी ते मठातल्या सभेत बोलूनही दाखवलं, की अण्णाचं दुखणं स्वामींनी आपल्याकडं घेतलंय. स्वामी वरून मान हलवत होते. दुखणं नेमकं कुठं घेतलं, ते दिसत नव्हतं.

त्या वर्षी अण्णा जितका सुंदर चालला तितका कधी चालला नसेल. बाकीच्यांची तोंडं वेडीवाकडी होत होती. ह्याचा चेहरा शांत, मान एका अंगाला कललेली, जणू कुणाचं तरी गाणं ऐकतोय. देवळात पालखी टेकली आणि त्याचा हात दोरीसारखा लोंबत राहिला. तीर्थ घ्यायला त्यानं डाव्या हातानं उजवा उचलून पुढं धरला. तळहाताची वाटी होईना. तीर्थ बोटांतून कोपरापर्यंत ओघळलं. बायकांना वाटलं, भक्तीनं भान हरपलं. एकदोघी रडल्यासुद्धा.

दोन वर्षं आम्ही वाट पाहिली. अंगठ्याच्या बुडाचं मांस बसत गेलं, तिथं खड्डा पडला. अण्णानं डाव्या हातानं कापड बेतायचं शिकायला घेतलं, पण कात्री उजव्यासाठीच घडवलेली असते. डाव्या हातात ती कापड चावते. गिऱ्हाईकं हुमनाबादच्या शिंप्याकडं जाऊ लागली. मशिनवर वैनी बसली. वरल्या घरचा थोरला उजव्या दांड्याला लागलाच, कारण नुसत्या मानानं दांडा उचलला जात नाही.

पुढं हैदराबादचे तुकडे झाले आणि आम्ही बसल्या जागी म्हैसूरचे झालो. त्या साली जत्रेला मी घरी होतो. अण्णा तोडक्या ओट्यावर बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. वळणावरून कर्णा वाजला. पालखी अजून दिसत नव्हती. त्याची मान हळूहळू डावीकडं कलली आणि उजवा खांदा, त्यातलं जेवढं काही उरलं होतं तेवढं, वर उचललं जायला लागलं. तो रस्त्याकडं बघतसुद्धा नव्हता.

वैनीनं मशिन थांबवलं. "अहो," ती म्हणाली, "मान."

"काय झालं मानंला?" त्यानं विचारलं.